बाईकच्या स्पीकरभोवती स्वस्तातले एलईडी: पट्टी पास, कंट्रोलर नापास

सरळ मुद्द्यावर येतो. फेअरिंगमधल्या (म्हणजे गाडीच्या पुढच्या प्लास्टिक कवचातल्या) नाहीतर क्रॅश गार्डवरच्या स्पीकरभोवती लावायचं जे स्वस्तातलं आरजीबी, म्हणजे लाल-हिरवा-निळा मिसळून रंग बदलणारं किट ऑनलाइन जिकडेतिकडे दिसतं ना, म्हणजे मागून चिकटणारी बारा व्होल्टची एलईडी पट्टी, एक छोटा कंट्रोलर, एक रिमोट आणि दोन-चार प्लास्टिकच्या क्लिपा, ते मी स्वतःच्या गाडीला लावून बराच काळ वापरलंय, नुसते फोटो बघून लिहिलेला रिव्ह्यू नाहीये हा. आणि माझं मत असं झालंय की त्या डब्यात पैसे वसूल करणारी वस्तू एकच, ती पट्टी. बाकीचं सामान बाजूला ठेवा, त्याच्याजागी जरा बरं सामान घ्या, तरीपण एकूण खर्च बोटींसाठी मिळतात त्या रेडीमेड एलईडी स्पीकर रिंगच्या आसपाससुद्धा जात नाही.

पट्टीबद्दल आधी. जवळजवळ सगळ्या किटमध्ये ५०५० नावाची एलईडी असते, म्हणजे पाच बाय पाच मिलिमीटरचा चौकोनी ठिपका आणि त्यात लाल, हिरवा, निळा असे तीन बारके चिप. मीटरला ६० एलईडीवाली घ्या, ३० वाली नको, ती स्पीकरच्या गोलात फार विरळ दिसते. ६० वाली पट्टी पूर्ण उजेडात मीटरला १४.४ वॉट खाते. आता साडेसहा इंची स्पीकर धरला तर व्यास साधारण १६५ मिलिमीटर, म्हणजे घेर झाला ५२ सेंटिमीटरच्या आसपास, दोन स्पीकर मिळून मीटरभर पट्टी लागली, म्हणजे करंट सव्वा अँपिअरच्या आत. साधा एच४ हॅलोजन हेडलाईट लो बीमवर ५५ वॉट घेतो, त्यापुढे हे काहीच नाही, त्यामुळे गाडी चालू असताना ‘बॅटरी बसेल का’ ही काळजी सोडून द्या. गाडी बंद असतानाची गोष्ट वेगळी, त्यावर खाली येतोच.

कापायची खूण दर तीन एलईडीनंतर असते, तांब्याचे पॅड दिसतात, त्यांच्या मधोमध कात्री चालवायची. ६० च्या पट्टीत तो तुकडा बरोबर पाच सेंटिमीटरचा पडतो, म्हणजे ५२ च्या घेराला ५० ची पट्टी बसते आणि दोन सेंटिमीटरची फट राहते. ती फट खालच्या बाजूला ठेवा, वायर तिथूनच बाहेर काढा, म्हणजे पाणीही तिथेच उतरतं आणि डोळ्याला खटकत नाही.

आता सगळ्यात जास्त लोक जिथे अडकतात ते म्हणजे ही पट्टी गोल वळते, पण एकाच दिशेला. पट्टीची जाडी वाकते, रुंदी वाकत नाही. त्यामुळे स्पीकरच्या पुढच्या चपट्या कडेवर एलईडी समोर तोंड करून गोल लावायला गेलात की पट्टी सुरकुततेच, आतले तांब्याचे ट्रॅक तुटतात आणि मग अर्धी लाईट निळी, अर्धी बंद असा प्रकार होतो. तसंच हवं असेल तर बाजूला उजेड फेकणारी नाहीतर नागमोडी कापलेली पट्टी वेगळी मिळते, ती घ्या. साधी पट्टी लावायची ती पॉडच्या, म्हणजे स्पीकर बसतो त्या डब्याच्या आतल्या भिंतीला, म्हणजे उजेड कोनच्या (स्पीकरच्या हलणाऱ्या पडद्याच्या) मध्याकडे पडतो. आणि खरं सांगू का, तेच जास्त भारी दिसतं. एलईडीचे ठिपके थेट डोळ्यात जात नाहीत, कोनवर आपटून मऊ उजेड बाहेर येतो. फक्त तुमचा कोन काळा मॅट असेल तर तो बराच उजेड गिळतो, चंदेरी किंवा चकचकीत कोन असेल तर मात्र कमी ब्राइटनेसमध्येही मस्त काम होतं. ठिपके अजिबातच नको असतील तर एकाच रंगाची सीओबी पट्टी बघा, तिच्यात चिप इतके जवळजवळ असतात की अखंड रेघच दिसते. किंवा दुधी सिलिकॉनची नळी चढवा.

लावताना एक जागा मोकळी सोडायचीच. कोनच्या कडेला जो रबराचा किंवा फोमचा सराउंड असतो तो बेसला चांगला काही मिलिमीटर पुढे-मागे होतो. पट्टी किंवा तिची वायर त्याला लागली की घरघर सुरू, आणि मग आपण स्पीकर फाटला म्हणून रडत बसतो. सेंटिमीटरभर तरी अंतर ठेवा. ग्रिल लावायच्या आधी मोबाईलवर टोन जनरेटरचं कुठलंही फुकट ॲप घेऊन ४० हर्ट्झपासून २०० पर्यंत हळूहळू चढवत न्या, कुठे काही खडखडत असेल तर त्या टप्प्यात लगेच कळतं. गाणं लावून कळत नाही, गाण्यात सगळं लपतं. ग्रिल लावून परत एकदा तेच करा कारण पट्टीचं सिलिकॉन आणि जाळी यांच्यात केसाएवढी फट राहिली तरी ती वाजते. दोन्ही घट्ट टेकलेले तरी हवेत नाहीतर नीट लांब.

रेडीमेड रिंगबद्दल दोन शब्द, कारण खूप जण विचारतात की मग तीच का नको. ती स्पीकरच्या मागे, स्पीकर आणि बॉडीच्या मध्ये बसते, दिसायला एकदम फॅक्टरी फिटिंग वाटते, पाण्याला पक्की असते. पण तिच्या जाडीएवढा स्पीकर पुढे येतो, स्क्रू लांब घ्यावे लागतात आणि बऱ्याच गाड्यांवर मूळ ग्रिल परत बसतच नाही. ग्रिल टिकवायची असेल तर पट्टीच बरी.

आता व्होल्टेजचं, जे विकणारा कधीच सांगत नाही आणि माझ्या मते अर्ध्या पट्ट्या यापायीच मरतात. पट्टीवर लिहिलेलं असतं १२ व्होल्ट. गाडी चालू असताना बॅटरीच्या टर्मिनलवर मल्टिमीटर लावा, १३.८ ते १४.४ दिसेल, चांगल्या चार्जिंगची खूणच आहे ती. वाटतं की दोन व्होल्टनी काय होतंय. होतं बरंच. प्रत्येक तुकड्यात एका रंगाच्या तीन एलईडी एकामागे एक जोडलेल्या असतात आणि सोबत करंट आवरणारा एक रेझिस्टर. निळी एलईडी साधारण ३.२ व्होल्ट घेते, तिघींचे मिळून ९.६. राहिले २.४ व्होल्ट, ते रेझिस्टरवर. त्यावर बहुतेक १५१ छापलेलं दिसेल, म्हणजे १५० ओहम, म्हणजे करंट १६ मिलिअँपिअर, एकदम आरामात. आता १४.४ व्होल्ट द्या, एलईडीचे ९.६ गेले की रेझिस्टरवर ४.८ उरले, करंट जवळजवळ दुप्पट, तीसच्या पुढेमागे, आणि त्या चिपची लिमिट असते २० ची. लाल एलईडीला मात्र दोनच व्होल्ट लागतात, तिचा रेझिस्टर ३३० ओहमचा, तिथे तोच हिशोब केला तर करंट १८ वरून २५ वर जातो, एवढा मार नाही. म्हणूनच जुन्या झालेल्या पट्टीचा पांढरा रंग हळूहळू गुलाबी व्हायला लागतो, निळा-हिरवा आधी दमतो आणि लाल टिकून राहतो.

उपाय दोन. फुकटातला उपाय म्हणजे ब्राइटनेस निम्म्याच्या खाली ठेवायचा, रात्री तेवढा पुरतोसुद्धा आणि पट्टी तापत नाही. नीट उपाय म्हणजे मध्ये एक छोटा बक कन्व्हर्टर, म्हणजे व्होल्टेज कमी करून एकसारखं ठेवणारं सर्किट, दोन अँपिअरचा बास झाला, आउटपुट साडेअकरा व्होल्टच्या आसपास सेट करून हीट श्रिंकमध्ये (तापवली की आवळणाऱ्या नळीत) गुंडाळून टाकायचा. इंजिन कितीही फिरवा, लाईट एकसारखी राहते. साधी ७८१२ आयसी (बारा व्होल्टचा रेग्युलेटर) टाकू नका, तिला वर दोनेक व्होल्ट जास्तीचे लागतात, आयडलला लाईट लपलप करते.

कंट्रोलर. याच्यावर मी खरंच वैतागलोय. किटमधला रिमोट इन्फ्रारेडचा असतो, म्हणजे कंट्रोलरचा तो काळा डोळा समोर दिसायला हवा, मग तो डोळा पाण्यात येणार नाहीतर सीटखाली टाकला तर रिमोट चालणार नाही, आणि उन्हात तर तो असाही आंधळाच. ग्लोव्ह्ज घालून ती चपटी बटणं दाबणं अशक्य. डबीला पाण्यापासून काहीही संरक्षण नाही, दोन झाकणं नुसती एकमेकांवर दाबलेली. काही डब्या शेवटचा रंग लक्षात ठेवत नाहीत, गाडी चालू केली की दर वेळी भडक लालपासून सुरुवात. आणि ‘म्युझिक मोड’ म्हणून जे पॅकेटवर ठळक लिहितात त्यात एक मायक्रोफोन असतो, तो गाणं नाही ऐकत, वारा आणि इंजिन ऐकतो. सिग्नलला उभे असताना थोडं तालात चमकतं, निघालात की नुसता थयथयाट. घरात टीव्हीमागे लावायची वस्तू आहे ती, बाईकवर तिला अर्थ नाही.

ब्लूटूथवाला कंट्रोलर त्यातल्या त्यात बरा, डबी कुठेही लपवता येते. पण घेताना पासवर्ड टाकायची सोय आहे का बघा. स्वस्तातल्या बऱ्याच डब्या ज्याच्याकडे ते ॲप असेल त्याच्याशी जोडल्या जातात, म्हणजे ग्रुप राईडला मित्र मागून तुमची गाडी गुलाबी करतात, हे होतंच.

मी आता काय वापरतो तर एका रंगाची पट्टी, अंबर म्हणजे नारिंगी-पिवळी, आणि साधा वॉटरप्रूफ खटका. कंट्रोलरच नाही. त्यामुळे एक मोठी कटकटही गेली, ती म्हणजे स्पीकरमधली शिट्टी. हे कंट्रोलर ब्राइटनेस कमी करायला लाईट सेकंदाला शेकडो वेळा चालू-बंद करतात, डोळ्याला कळत नाही पण ॲम्पला (स्पीकर चालवणाऱ्या ॲम्प्लिफायरला) कळतं, बारीक भुणभुण येते, एफएम असेल तर खरखर. कंट्रोलर ठेवायचाच असेल तर त्याची ग्राउंड वायर ॲम्पच्या ग्राउंडवर चढवू नका, वेगळी थेट बॅटरीच्या मायनसला न्या, आणि लाईटच्या वायरी ऑडिओच्या आरसीए वायरींना चिकटून ओढू नका. वायरीवर फेराइटचा मणी, म्हणजे खरखर गाळणारी छोटी कडी, टाकला तर आणखी फरक पडतो. बक कन्व्हर्टरही थोडा आवाज करतोच, तोही ॲम्पपासून लांब ठेवा.

आणि एक गोष्ट हात जोडून सांगतो, लाईटला सप्लाय स्पीकरच्या वायरीवरून घेऊ नका. असे व्हिडिओ फिरतात की बघा गाण्याच्या तालावर लाईट चमकते, काही खर्च नाही. बाईकचे बहुतेक ॲम्प ब्रिज्ड आउटपुटचे असतात, म्हणजे स्पीकरची दोन्हीपैकी कुठलीच वायर ग्राउंड नसते, दोन्हींवर व्होल्टेज नाचत असतं. त्यातली एक जरी पट्टीमार्फत चासीला टेकली तरी आउटपुट शॉर्ट. नशीब असेल तर ॲम्प प्रोटेक्शनमध्ये जाईल, नाहीतर धूर.

सप्लाय घ्यायचा तो इग्निशननंतरचा, चावी बंद की लाईट बंद. थेट बॅटरीवर कंट्रोलर टाकला तर लाईट बंद असतानाही तो आतून जागा राहतो, रिमोटची वाट बघत. समजा १५ मिलिअँपिअर खाल्ले, तर दिवसाला ०.३६ अँपिअर-अवर गेले. पाच अँपिअर-अवरची छोटी बॅटरी असेल तर उभ्या गाडीवर दोन आठवड्यांत चट्टामट्टा, आणि सेल्फ मारायची ताकद त्याच्या कितीतरी आधी जाते. गाडीला कंपनीची ॲक्सेसरी वायर दिलेली असेल तर उत्तम. नसेल तर चार पायांचा रिले (करंटने चालणारा खटका, पायांना नंबर असतात) टाका, ३० ला बॅटरीचा प्लस फ्यूजमधून, ८७ वरून लाईट, ८५ आणि ८६ मध्ये इग्निशनची वायर आणि ग्राउंड. नवीन गाड्यांमध्ये जिथे कंप्युटर प्रत्येक बल्बचा करंट मोजत असतो तिथे पार्किंग लाईटच्या वायरीतून सप्लाय चोरला तर मीटरवर एरर येऊ शकते, त्यामुळे तिथे तर रिलेच. फ्यूज दोन किंवा तीन अँपिअरचा, आणि तो बॅटरीच्या शक्य तितका जवळ, लाईटजवळ नाही. फ्यूज लाईट वाचवायला नसतो, वायर पेटू नये म्हणून असतो, मध्ये कुठे टाकीखाली वायर घासून उघडी पडली तर लाईटजवळचा फ्यूज नुसता बघत बसेल.

किटमधली वायर खरवडून बघा. आतून चंदेरी निघाली तर बहुतेक तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम, ती दोन-चार वेळा वाकली की तुटते, आणि स्टेअरिंगजवळ तर वायर रोज शेकडो वेळा वाकते. साधी बारीक तारांची तांब्याची वायर घ्या, हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून बघा कुठे ताण येत नाही ना, मगच केबल टाय ओढा. त्या प्लास्टिकच्या क्लिपा, ज्यात पट्टी सरकवायची आणि झाकण दाबायचं, त्या बाईकवर टिकत नाहीत. व्हायब्रेशनने पॅडवरची पकड सुटते आणि लाईट खड्ड्याखड्ड्याला मिचमिचते. सोल्डर करा. वर हीट श्रिंक. जोडाच्या मागे-पुढे वायर कुठेतरी बांधून टाका म्हणजे सोल्डरवर ओढ येणार नाही. जोड बंद करायला ग्लू गन वापरतात बरेच जण, उन्हात उभ्या गाडीवर तो ग्लू मऊ पडतो. सिलिकॉन वापरा, पण ज्याला व्हिनेगरसारखा आंबट वास येतो ते नको, त्यातलं ॲसिड तांबं खातं, हिरवं पडतं सगळं. न्यूट्रल क्युअर लिहिलेलं बघून घ्या.

चिकटपट्टीबद्दल: मागचा कागद कुठल्याही रंगाचा असो आणि त्यावर कुठलंही नामांकित नाव छापलेलं असो, तिच्यावर भरवसा ठेवू नका. थ्रीएमची खरी व्हीएचबी टेप (दोन्ही बाजूंनी चिकटणारी मजबूत टेप) वेगळी आणून लावा. आधी आयसोप्रोपिल अल्कोहोलने प्लास्टिक पुसायचं, पॉलिशचा तेलकटपणा पूर्ण जायला हवा, दाबून चिकटवायचं आणि मग घाई करायची नाही, व्हीएचबीची पूर्ण पकड बसायला ७२ तास लागतात. तोपर्यंत गाडी धुवायची नाही. दर पाच-सात सेंटिमीटरवर सिलिकॉनचा एकेक ठिपका टाकलात तर आणखी बरं.

पाण्याचं सांगायचं तर पॅकेटवर धूळ-पाण्यापासूनच्या संरक्षणाचं रेटिंग आयपी ६५ असतं, त्यातला पाच म्हणजे पाण्याचे फवारे चालतात, बुडवून चालत नाही. पावसाला पुरे. प्रेशर वॉशरच्या नोझलला पुरे नाही, तो जवळून मारला की सिलिकॉनच्या थराची कड उचलली जाते आणि पाणी कापलेल्या टोकातून आत शिरतं. कापलेलं टोक दर वेळी सील करायचंच, कारण कारखान्यातलं रेटिंग कात्री लावली की संपलं.

रंगाचं बघा आता. निळा फोटोत भारी येतो हे मान्य, पण रात्री चालवताना तो डोळ्याला सगळ्यात जास्त त्रास देतो, आणि फेअरिंगमधले स्पीकर तर आपल्याच तोंडाकडे बघत असतात, वरून विंडशील्डमध्ये प्रतिबिंब वेगळं. अंधाराला सरावायला डोळ्यांना वीस-तीस मिनिटं लागतात आणि निळा-पांढरा भगभगीत उजेड ते क्षणात घालवतो. लाल किंवा अंबरने तेवढं होत नाही. पण लालची दुसरी अडचण, समोरून लाल दिसेल अशी लाईट गाडीला नको असं १९६८ च्या व्हिएन्नाच्या वाहतूक करारातच आहे आणि बऱ्याच देशांचे नियम तसेच आहेत, मागून पांढरी नको हेही त्यातच. चमकणारी लाल-निळी तर पोलीस आणि ॲम्ब्युलन्सची, तिच्या वाटेला जाऊच नका, रिमोटवर ते बटण असतं म्हणून दाबायलाच हवं असं नाही. स्थिर अंबर, मंद, ग्रिलच्या आतून, एवढंच मला तरी शोभून दिसतं. बाकी तुमच्या भागातला नियम तुम्ही बघून घ्या, पासिंगला अडचण नको.

आरजीबी पट्टीतून अंबर किंवा वॉर्म व्हाईट काढायचा खटाटोप करू नका बरं का, लाल-हिरव्याच्या मिश्रणातून जो पिवळा येतो तो आजारी दिसतो, आणि पांढरा एकतर निळसर नाहीतर जांभळट. एकच रंग हवा असेल तर त्याच रंगाची पट्टी घ्या, तीही स्वस्तच असते, दोनच वायरी, जोडही कमी.

अजून एक, पट्टी पाच मीटरच्या रोलमध्ये येते आणि आपल्याला लागते मीटरभर, उरलेली वाटून टाकू नका. एकाच नावाच्या दोन रोलमध्येसुद्धा रंगाची छटा किंचित वेगळी निघते, लॉट बदलला की एलईडी बदलतात. उद्या एका स्पीकरचा तुकडा गेला आणि नवीन रोलमधला लावला तर डावा-उजवा वेगळा दिसतो, लांबून जास्तच. त्याच रोलमधली मीटरभर कोरड्या जागी, सरळ नाहीतर मोठ्या गोलात गुंडाळून ठेवा, घडी घालू नका, घडीवर ट्रॅक तुटतात.